रेवणय्याचा काळा दोरा

त्रेसष्टावं लागलं तरी झीनतखालाला चष्मा नाही, आणि ही गोष्ट ती भेटेल त्याला सांगते. भाजीवाल्याला सांगते, बँकेतल्या पोराला सांगते, नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली तर त्या डॉक्टरलाही सांगून आली. आता अडतीस वर्षं ज्या बाईनं डोळ्यांवर भाकरी कमावली, तिनं डोळ्यांचा थोडा तोरा मिरवला तर कुणाचं काय जातं?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती चेकर होती. मागावरून उतरलेला माल तिच्या टेबलावर यायचा. वर चार ट्यूबलाइट, खाली झीनत. हात फिरवत आणि नजर फिरवत जायचं; कुठं धागा तुटलाय, कुठं तेलाचा डाग पडलाय, कुठं विणीत फट राहिलीय ते हुडकायचं आणि त्या जागी रंगीत दोऱ्याची गाठ मारायची. दोरा पडला की तो टॉवेल सेकंड. मग तो परदेशी जायचा नाही, मंगळवार बाजारात जायचा, आणि ज्यानं विणला त्याला वर चार शब्द ऐकावे लागायचे.

हे काम तिला ईरम्मा नावाच्या जुन्या चेकरनं शिकवलं. ईरम्माची मराठी अर्धी कानडीतून यायची, पण शिकवणी पक्की. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्याला विणकराच्या नंबराची चिठ्ठी टाचलेली असायची. ‘‘पैलं चिठ्ठी आत दुमडायची,’’ ईरम्मानं पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘मग माल बघायचा. नंबर दिसला की कुणाचा माल ते कळतंय, आन मग डोळा बिघडतंय.’’ दुसरी शिकवण अशी, की चेकरच्या हातून चुकून चांगल्या मालाला दोरा पडला, तर तिनं तो तुकडा स्वतः उचलून मागापर्यंत न्यायचा आणि विणकराच्या डोळ्यांदेखत गाठ सोडायची. हातानं. कात्री लावायची नाही, कात्रीनं टॉवेलच्या फुललेल्या धाग्याची कडी कापली जाते. आणि ईरम्मा वर म्हणायची, कात्रीनं दोन सेकंदात काम झालं तर चुकलेलं ध्यानात कसं राहील?

झीनतचा नवरा हुसेनसाब त्याच कारखान्यात मागावर होता. दोघांची ओळखच मुळी दोऱ्यावरून झाली. तिच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आठवड्यात त्याच्या सात टॉवेलांना दोरे पडले. तो तावातावानं भांडायला आला. तिनं सातही ठिकाणी बोट ठेवून दाखवलं. तो आल्या पावली परत गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या घरचे मागणी घालायला आले. लग्नानंतर तरी बाई हात आखडता घेईल असं बिचाऱ्याला वाटलं असणार. कशाचं काय! चिठ्ठी दुमडलेलीच असायची. सकाळी त्याच्या डब्यात भाकरी भरायची आणि दुपारी त्याचाच माल सेकंड करायचा, असा हा संसार. हुसेनसाब अजूनही पाहुण्यारावळ्यांना हे सांगतो, आणि सांगताना त्याला बायकोचं कौतुकच वाटत असतं.

निवृत्त झाली तेव्हा पहिले सहा महिने बाईला करमेना. डाळ निवडायला घ्यावी तर हल्ली पाकिटातल्या डाळीत खडाच सापडत नाही. हुसेनसाबच्या सदऱ्यावर डाग दिसला की हात दोरा शोधायचा. अशात तिच्या बहिणीचा मुलगा एजाज पुण्यातली नोकरी सोडून सोलापुरात परत आला. येताना त्यानं मोबाईल दुरुस्तीची हत्यारं आणली आणि एक खेळ आणला.

खेळ म्हणजे पत्ते नव्हेत, कॅरम नव्हे, आणि मोबाईलवरचा तर मुळीच नव्हे. तीन-चार माणसं टेबलाभोवती बसतात. प्रत्येकानं एकेक सोंग घेतलेलं असतं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी पुजारी. त्या सोंगाची सगळी माहिती एका पानावर लिहिलेली. एकजण सूत्रधार. तो सांगतो, समोर किल्ला आहे, दार बंद आहे, आत कुणीतरी खोकतंय; बोला, काय करता? बाकीच्यांनी आपापल्या सोंगाला शोभेल ते बोलायचं, आणि डाव जमला का फसला ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. बसल्या जागी नाटकच म्हणा ना, फक्त पुढं काय होणार ते कुणालाच ठाऊक नसतं.

बेगम पेठेतल्या खालाच्या घरी वरची खोली रिकामी होती, म्हणून रविवारी जेवणं झाली की दुपार कलताना होणाऱ्या असरच्या अजानपर्यंत खेळ तिथं. हुसेनसाबनं पहिल्या दिवशी विचारून घेतलं, ‘‘जुगार तर न्हाय ना हा?’’ जुगार नाही म्हटल्यावर तो खाली जाऊन आडवा झाला. सुरुवातीला सूत्रधार एजाज होता, खेळायला त्याचे दोघे-तिघे दोस्त, जे पुढं गळाले, आणि दर रविवारी भांडणं होती. पोरगं गुणाचं, पण कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिभेवरच नाही. खाला कोपऱ्यात भजी तळता तळता ऐकायची. एक दिवस तिच्यानं राहवेना. झारा हातात तसाच धरून ती म्हणाली, ‘‘अरे, नियम काय लिवलाय ते वाचा की आधी!’’ वाचला, भांडण मिटलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी भजी एजाज तळत होता आणि सूत्रधाराच्या खुर्चीत खाला बसली होती.

इंग्रजी पुस्तकातले नियम तिला मराठीत सांगायची उत्कर्षा. उत्कर्षा एका शाळेत शिकवते. फुटलेली काच बदलायला म्हणून एजाजच्या दुकानात आली होती, तिथं फासा दिसला आणि अडकली. तिनं सांगितलं, पुस्तकात प्रत्येक सोंगाचा पिंड ठरवलेला असतो: सज्जन, दुष्ट, मधला, त्यात पुन्हा कायद्यानं चालणारा, मनाला येईल तसं वागणारा, असे सगळे मिळून नऊ. आणि मंत्रांनाही पिंड असतो. सज्जन पुजाऱ्यानं दुष्ट मंत्र म्हणायचा नाही. म्हटलाच, तर त्याचा देव त्याच्याशी बोलणं टाकतो, मग साधी जखम भरून आणायचा मंत्रसुद्धा त्याच्या तोंडून चालत नाही, प्रायश्चित्त घेईपर्यंत.

‘‘मंत्र कशासाठी म्हटला ते बघायचं, का कुठला म्हटला ते?’’ खालानं विचारलं.

‘‘कुठला, ते,’’ उत्कर्षा म्हणाली.

खालाला हे फार पटलं. डाग डाग असतो, विणताना विणकराच्या मनात काय होतं ते टेबलावर दिसत नाही. फक्त नऊ पिंड तिला जरा जास्तीच वाटले. तिनं तीन दोरे काढले. पांढरा सज्जनाचा, खाकी मधल्याचा, काळा दुष्टाचा. प्रत्येकाच्या पानाला कोपऱ्यात भोक पाडलं आणि त्यात त्याच्या पिंडाचा दोरा बांधला. एजाजचा चोर खाकी. उत्कर्षाची सावळी नावाची वनदेवीची उपासक पांढरी. आणि कारखान्यातल्या सवयीनं खालानं एक वही घातली. कुणी काय केलं, आपण काय निवाडा दिला, ते दर रविवारी त्यात उतरून ठेवायचं.

चौथा गडी सिद्धू. तो आला कपाटाबरोबर. खालानं नवं लोखंडी कपाट घेतलं होतं आणि ते टेंपोतून आणलं सिद्धूनं. एजाजच्या मदतीनं वर चढवून त्यानं घाम पुसला, आणि चहा येईपर्यंत म्हणून खेळ बघत उभा राहिला. उत्कर्षाची सावळी तेव्हा एका विहिरीत अडकली होती. ‘‘ताई, रहाटाचा दोर हाय न्हवं तितं?’’ सिद्धू मधेच बोलला. रहाट कुणाच्या लक्षातच आला नव्हता. सावळी बाहेर निघाली, चहा आला, सिद्धू खाली बसला, आणि त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली.

सिद्धूला खाला आधीपासून ओळखत होती. सगळी एमआयडीसीच ओळखत होती. तेवीस वर्षांचा असताना त्यानं गाडीतल्या टॉवेलच्या दोन गाठी परस्पर विकल्या होत्या. केलं होतं त्यानंच, आणि नाही म्हणाला नव्हता. आठ महिने आत काढून आला. त्यानंतर बावीस वर्षं, त्याच्या गाडीतला साधा सुतळीचा तोडा इकडचा तिकडं झाला नाही. पण अजूनही कारखान्याच्या गेटवर बाकीचे टेंपो हात दाखवला की आत जातात आणि सिद्धूची तेवढी ताडपत्री उघडतात. तो खाली उतरतो, स्वतःच दोऱ्या सोडतो, पुन्हा बांधतो. कुणाला काही बोलत नाही.

सोंग निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा गडी योद्धा होणार. दंड तसे होतेच. सिद्धू म्हणाला, ‘‘पुजारी चालंल का? रेवणय्या नावाचा. सज्जन.’’ शेवटचा शब्द जरा हळू म्हणाला. खालानं पांढरा दोरा बांधून पान त्याच्या हातात दिलं, आणि सिद्धूनं तो दोरा दोनदा ओढून बघितला, पक्का आहे ना म्हणून.

चार वर्षांत रेवणय्यानं काय केलं नाही! एजाजच्या चोराला तीनदा मरणाच्या दारातून ओढून आणलं. स्वतःचं घोंगडं भिकाऱ्याला दिलं आणि पुढचे दोन रविवार थंडीचे गुण कापून घेतले. सिद्धू एरवी कामापुरतं बोलणारा माणूस, पण रेवणय्या झाला की जखमेवर हात ठेवून असा काही मंत्र म्हणायचा, की खाली आडवा झालेला हुसेनसाबसुद्धा जिना चढून अर्ध्यावर ऐकत बसायचा.

आता त्या रविवारचं सांगतो. मार्च संपत आला होता, कूलर घरघरत होता. खेळात एका तळ्याचा बांध फुटायला आला होता आणि खाली गाव. माणसं कमी, दगड जड, दिवस मावळायच्या आत बांध सावरला नाही तर गाव जाणार. फासे पाडून पाडून तिघं टेकीला आले. तेव्हा सिद्धूनं घसा साफ केला आणि म्हणाला, ‘‘आपा, माझ्याकडं ते भूर्जपत्र हाय. मेलेल्या मांत्रिकाच्या पेटीतलं.’’ सगळे तिला खाला, म्हणजे मावशी म्हणत, सिद्धू तेवढा आपा, म्हणजे ताई म्हणायचा.

त्या भूर्जपत्रावर मेलेली माणसं उठवायचा मंत्र होता. रेवणय्यानं तो म्हटला. गावच्या स्मशानातले बापजादे उठले, एकेकानं एकेक धोंडा उचलला आणि बांधाला लावला. आपल्याच गावासाठी आले होते हो ते! फासा पडला अठरा. बांध राहिला, गाव राहिलं. एजाज टेबलावर थाप मारून ओरडला, उत्कर्षानं टाळ्या वाजवल्या.

खालानं उत्कर्षानं मराठीत उतरवून दिलेलं नियमाचं पान उघडलं. ‘‘मंत्र काळा हाय,’’ ती म्हणाली.

‘‘व्हय, पण गाव वाचलं की आपा.’’

‘‘वाचलं. मी कुटं न्हाय म्हणते? पण सज्जनाच्या तोंडी हा मंत्र चालत न्हाय.’’ तिनं त्याचं पान ओढलं, पांढरा दोरा सोडला, आणि काळा घेऊन गच्च गाठ मारली. गाठ मारता मारताच बोलून गेली, ‘‘आणि असलं काही गुपचूप लपवून ठेवायची सवयच वाईट.’’

सिद्धूनं आपल्या पानाकडे बघितलं. मग चहाचे रिकामे पेले गोळा केले, दर रविवारी करायचा तसे, ते मोरीपाशी ठेवले आणि ‘‘येतो’’ म्हणून जिना उतरला. पान टेबलावरच राहिलं.

पुढच्या रविवारी ग्रुपवर त्याचा निरोप आला, भाडं हाय. त्याच्या पुढच्या रविवारीही भाडं हाय. चार वर्षांत सिद्धूनं रविवारचं भाडं कधी घेतलं नव्हतं. तिघांनी खेळायचा प्रयत्न केला. एजाजच्या चोराला बाण लागला आणि बरं करायला कोणीच नव्हतं. एजाज पान ढकलून म्हणाला, ‘‘खाला, माणूस गेला आपल्या हातचा. एवढं कशाला कडक व्हायचं?’’

‘‘कडक?’’ खाला उसळली. ‘‘अडतीस वर्षं मी सख्ख्या नवऱ्याचा माल सोडला न्हाय. मला सिद्धू न् तू न् उत्कर्षा सगळे सारखे. थांब, दाखवतेच तुला.’’ आणि तिनं वही आणली. आपण कुणाला कधी झुकतं माप दिलं नाही, हे पोराला दाखवायचंच म्हणून ती जानेवारीपर्यंत मागं गेली, डिसेंबरपर्यंत गेली, आणि मग पानावरचं तिचं बोट थांबलं.

दिवाळीनंतरचा रविवार होता. तिचंच अक्षर. ‘सावळी. पहारेकऱ्याच्या मनाचा ताबा घेतला. मंत्र काळा. कोठारात कोंडलेली पोरं तहानेनं मरत होती म्हणून. माफ. दोरा पांढराच.’

खालानं ते दोनदा वाचलं. डोळे चांगले होते, चुकीचं वाचलं म्हणायची सोय नव्हती. पानं पुन्हा पुढं उलटत आली तर फेब्रुवारीत आणखी एक ओळ निघाली. ‘रेवणय्या. मांत्रिकाच्या पेटीत भूर्जपत्र सापडलं. मला सांगून ठेवलं.’

सांगून ठेवलं होतं. लपवलं नव्हतंच. त्यानं त्याच टेबलावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, तिनं स्वतः लिहून घेतलं होतं, आणि तरी तिच्या तोंडून ते वाक्य निघालं. कुठून निघालं ते तिला आता नीट कळलं. रेवणय्याच्या पानाला गाठ मारताना तिच्या डोळ्यांपुढं रेवणय्या नव्हताच. तेवीस वर्षांचा टेंपोवाला होता आणि त्यानं विकलेल्या मालाच्या दोन गाठी होत्या. तिनं चिठ्ठी उघडून नंबर वाचला होता. तिनं, झीनतनं! मास्तरीण बाईनं केलं ते पोरांसाठी आणि सिद्धूनं केलं ते सवयीनं. पानात बोट तसंच ठेवून तिनं वही मिटली, आणि एजाजनं ‘‘काय झालं खाला?’’ म्हणून विचारलं तेव्हा तिला रडू फुटलं.

उत्कर्षानं वही ओढून वाचली आणि तिचा चेहरा उतरला. ‘‘मला आठवलंसुद्धा नाही हो,’’ ती म्हणाली. ‘‘मी टाळ्या वाजवत होते, मग तुम्ही गाठ मारलीत, तेव्हा मी नियम बरोबर आहे म्हणून मान हलवली.’’ तिनं आपलं पान खालापुढं ठेवलं. ‘‘माझा पांढरा काढा.’’

खाली हुसेनसाबला सगळं ऐकू गेलंच होतं. खाला उतरली तसा तो भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, ‘‘चांगल्या मालाला दोरा पडला तर काय करायचं असतं, विसरलीस का झीनत?’’

विसरली नव्हती. सोमवारी सकाळी दहाला दोन्ही पानं पिशवीत घालून ती रिक्षानं मार्केट यार्डाजवळच्या टेंपो स्टँडवर गेली. ऊन चढलं होतं. सिद्धू आपल्या गाडीची काच पुसत होता. तिला बघून त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

‘‘आपा! तुमी हितं? फोन करायचा की, मी आलो असतो.’’

‘‘माल चेकरनंच न्यायचा असतो,’’ खाला म्हणाली. तिनं गाडीच्या पायरीवर बैठक मारली, वहीतलं सगळं त्याला सांगितलं, दोन्ही ओळी, आणि शेवटी म्हणाली, ‘‘मी तुझा नंबर बघितला, सिद्धू. चूक झाली माझी. लई मोठी चूक झाली.’’

सिद्धू फडकं उचलून झटकत होता. ‘‘सावळीचं मला तवाच आठवलं होतं,’’ तो म्हणाला.

‘‘मग बोलला का न्हाईस?’’

‘‘काय बोलायचं?’’ तो हसल्यासारखा झाला, पण ते हसू टिकलं नाही. ‘‘गेटवर रोज ताडपत्री उघडतात आपा. बावीस वर्षं. त्याचं आता काय वाटत न्हाय, खरंच न्हाय. पर तुमच्या खोलीत कुणी उघडली नव्हती चार वर्षं. तितं वाटलं.’’

खालानं त्याचं पान गुडघ्यावर घेतलं आणि गाठीला नख लावलं. त्या दिवशी मारताना गच्च मारली होती, आणि त्रेसष्टाव्या वर्षी डोळे शाबूत असले तरी बोटं ती राहत नाहीत. नख घसरे, दोरा हलेना. शेजारच्या टेंपोवाल्यानं, म्हातारी काय करतेय बघून, ब्लेड पुढं केलं. ‘‘नको,’’ ती म्हणाली. सिद्धू म्हणाला, ‘‘आपा, द्या मी सोडतो.’’ त्यालाही नको म्हणाली. कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि पुन्हा वाकली. मग सिद्धू तिच्यासमोर उकिडवा बसला आणि पान हलू नये म्हणून त्याचा कोपरा दोन्ही हातांनी धरून राहिला. दहा मिनिटं गेली असतील. शेवटी एक पदर सैल झाला, मग दुसरा, आणि काळा दोरा तिच्या हातात आला.

तिनं पिशवीतून पांढरा काढला. सिद्धूनं तिचा हात धरला.

‘‘पांढरा नको, आपा.’’

‘‘का रे?’’

‘‘मंत्र काळा होताच की. मला माफी नको. जे उत्कर्षाताईला, ते मला. तेवढंच करा.’’

खालानं उत्कर्षाचं पान काढलं, त्याचा पांढरा दोरा सिद्धूसमोर सोडला, आणि दोन्ही पानांना एकाच रिळाचा खाकी दोरा बांधला. ‘‘दोघांनी मिळून प्रायश्चित्ताला निघायचं,’’ ती म्हणाली. ‘‘डोंगरावर देऊळ हाय. वाट लई वंगाळ हाय, आधीच सांगून ठेवते. सोडणार न्हाय मी.’’

‘‘नका सोडू,’’ सिद्धू म्हणाला. त्यानं आपलं पान घेतलं, दोरा दोनदा ओढून बघितला. उत्कर्षाचं पानही घेऊन त्याचा दोरा ओढून बघितला. मग दोन्ही पानं एकावर एक ठेवून तिच्या पिशवीत घातली आणि तिला घरी सोडायला गाडीचं दार उघडलं.

बेगम पेठेच्या तोंडाशी गल्ली अरुंद म्हणून टेंपो थांबला. खाला जपून उतरली, पिशवी काखेत मारली आणि दाराला हात लावून उभी राहिली.

‘‘रविवारी येणार?’’

सिद्धू समोर बघत म्हणाला, ‘‘भाडं हाय.’’

तिचा चेहरा पडला. पिशवी सावरून ती मागं वळली, दोन पावलं गेली, तेव्हा त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

‘‘न्हाय, आपा,’’ तो म्हणाला, ‘‘भाडं न्हाय.’’